उंबऱ्यावरचं मांजर

अगं, ये, अशी जवळ ये. आणि आधी थोडी बोलणी खा, मग पुढचं ऐक.

मागच्या दुर्गापूजेला तुम्ही सगळे इथे कलकत्त्यात सॉल्ट लेकला आलात, तेव्हा तू तुझ्या बाबांसाठी एक बाटली आणली होतीस. ब्लॅककरंट घातलेली जिन. जेवणाच्या टेबलावरच तिचं बूच काढलंस आणि मी ताटावरून उठून आत गेले. तेवढ्यावरून तू सगळ्यांना सांगत सुटलीस की आजीला दारूचा वाससुद्धा सहन होत नाही, आजी जुन्या वळणाची. मावशीला तर फोन करून सांगितलंस. असं करू नये, बाई. माणूस ताटावरून उठलं तर त्याच्या मागोमाग आत यावं, काय झालं विचारावं, मग जगाला काय सांगायचं ते सांगावं. तू आली नाहीस. तुझी आईही आली नाही, पण तिचं सोड, तिच्या हातात पोळ्यांचा डबा होता.

दारूच्या वासाचं म्हणशील तर तो मला तुझ्या बाबांपेक्षा जास्त कळतो. चार वर्षं तो वास घेऊन मी घर चालवलंय, एक थेंब जिभेला न लावता. तुझ्या आईला यातलं अर्धंच माहीत आहे, म्हणून तिच्याकडून वाचून घेऊ नकोस. अडखळत का होईना, तूच वाच. मी सातवीपर्यंत शिकले. पुढचं वाचायला आलं ते वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून, बंगालीसुद्धा. तेव्हा बोलते तसंच लिहिणार. आणि हल्ली दमते मी. चार ओळी झाल्या की पाठ धरते. कुठे धागा तुटला तर समज की आजी मध्ये आडवी झाली होती.

लग्नानंतर वर्षभरात मी कलकत्त्याला आले. साठ साल संपत आलं होतं, म्हणजे साठचं दशक गं. तुझे आजोबा रसायनशास्त्र शिकलेले, साताऱ्याकडचे, आणि नोकरी लागली ती दारूच्या कारखान्यात. माझ्या माहेरी आम्ही 'अर्कांची कंपनी' असं सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. अर्कच काढायचे तिथे. माझ्या आईला वाटायचं जावई गुलाबपाणी करतो, आणि ती मरेपर्यंत तिला तसंच वाटू दिलं आम्ही.

बागबाजारात वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि डोक्यावर गच्ची. खाली दादा आणि बौदी राहायचे. दादा त्याच कारखान्यात कोठाराचे कारकून, बावीस वर्षं तिथे. खोल्या त्यांनीच बघून दिल्या होत्या. बौदी म्हणजे त्यांची बायको. पूर्व बंगालातली, अंगाने दणकट, तोंडाची त्याहून. ह्यांना ती ठाकुरपो म्हणायची, म्हणजे धाकटे भाऊजी. आणि मला बर्गी. कधीकाळी मराठे घोडेस्वार, म्हणजे बर्गी, बंगाल लुटायला आले होते, त्यांच्या भीतीने लोकांनी आमच्याच बाजूला खंदक खणला होता म्हणे. त्याचा सगळा हिशेब बौदीने माझ्याशी लावलेला. मी जिना उतरले की आतून आवाज यायचा, "बर्गी आली रे, तेलाची बरणी आत घ्या." मी म्हणायची, "तुमच्या मोहरीच्या तेलाला हात लावेल तो घोडेस्वार अजून जन्मायचाय." एवढं बंगाली मी पहिल्या सहा महिन्यांत शिकले, ते तिला उत्तर द्यायला.

बौदीचं एक मांजर होतं. पांढरं, एक कान फाटका. ते आमच्याकडे वर यायचं आणि एकदा ह्यांच्या उशीवर मुतून गेलं. हे सांगायला नको होतं खरं तर, पण पुढे लागणार आहे.

आता कारखान्याचं. मी तो आतून कधी पाहिला नाही, पण ऐकून ऐकून पाठ झाला. मळीपासून काढलेला साधा स्पिरिट असतो, त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. तो भट्टीत तापवायचा, वाफ वर जाते, त्या वाफेच्या वाटेत मलमलची थैली टांगायची. थैलीत धने, संत्र्याची साल, वेलदोडे, ज्येष्ठमध आणि जुनिपर नावाचं एक विलायती फळ. वाफ त्यातून जाते, वास घेते, थंड होऊन खाली पडते, ती जिन.

"म्हणजे माझ्या मिसळणाच्या डब्यातलं अर्धं सामान तुमच्या भट्टीत," मी म्हटलं.

"हळद आणि हिंग राहिलं. साहेबांना सुचवून बघतो."

असे बोलायचे ते तेव्हा. हसरे होते.

आणि वर्षातून एकदा, पूजेच्या आधी, एक खास जिन व्हायची. क्लबात जाणाऱ्या बायकांसाठी. तिच्या थैलीत ब्लॅककरंट असायचं. फळं वाळलेली, काळी, बोराच्या बीएवढी, आणि सोबत त्याच झाडाच्या कळ्या. थंड देशातलं झुडूप ते. परवान्यावर वर्षाला एक पेटी यायची आणि दादांच्या कोठारात कुलपात राहायची. फळाचा वास गोड-आंबट. पण त्या कळ्यांना दुसरंच काहीतरी असतं. ते थोडं असलं तर फळ जिवंत वाटतं. नसलं तर नुसतं सरबत होतं. जास्त झालं तर बाटली फेकून द्यावी लागते. किती वेळ थैली वाफेत ठेवायची, त्याला घड्याळ नव्हतं. नाकाने ठरवायचं. ते नाक तुझ्या आजोबांचं. त्यासाठीच त्यांना ठेवलं होतं. तिथे रसायनशास्त्र येणारे आणखी चारजण होते, नाक असलेले हे एकटे.

मग ह्यांना ताप आला. बारा दिवस. उतरला, अशक्तपणा गेला, कामावर जायला लागले. एका सकाळी मी शेगडीवर दूध ठेवून गच्चीत कपडे वाळत घालायला गेले. ह्यांना म्हटलं, लक्ष ठेवा. खाली आले तर जिन्यापर्यंत करपल्याचा वास, पातेलं काळं ठिक्कर, आणि हे दोन हातांवर पाटावर बसून वर्तमानपत्र वाचताहेत. पाठ शेगडीकडे.

मी ओरडणार होते. पण त्यांनी वळून पातेल्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा बघून मी नुसतं पातेलं खाली उतरवलं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"ताप उतरल्यापासून."

डॉक्टर म्हणाले, येईल परत, कधीकधी वर्ष लागतं. वर्षभर कोण थांबणार होतं? तिथे नाक नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी दुसरं नाक आलं असतं. साताऱ्याला परत जायची सोय नव्हती. त्यांच्या थोरल्या भावाने दारूच्या नोकरीपायी बोलणं टाकलं होतं. हे तीन दिवस कामावर गेले आणि परत आले. काय करत होते तिथे ते मी विचारलं नाही. चौथ्या दिवशी मी त्यांचा रुमाल धुवायला घेतला, आणि सहज बोलून गेले, "आज धने फार झालेत तुमच्या भट्टीत."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं काहीतरी चुकलं माझं.

"आणखी काय येतंय?"

"संत्र्याची साल. पण जुनी. कडवट आहे."

तिथून ते सुरू झालं. कलकत्त्यात होमिओपॅथीच्या काचेच्या कुप्या घरोघरी. खिशात दोन-चार असल्या तर कोणी विचारत नाही. त्यातल्या एकीत कापसाचा बोळा, बोळ्यावर त्या दिवशीच्या भट्टीचे थेंब. कारखान्यातून थेंबही बाहेर न्यायला कायद्याने बंदी होती, सरकारी माणूस फाटकावर बसलेला असायचा. हे त्याला रोज नमस्कार करून बाहेर पडायचे. मला वाटतं त्यांचे केस त्या चार वर्षांतल्या नमस्कारांनी पिकले.

वास पहाटे घ्यायचा. कारण कलकत्त्यात उजाडलं की घरोघरी कोळशाच्या शेगड्या पेटायच्या आणि गल्लीभर धूर, मग कसला वास येतोय. म्हणून सगळ्यांच्या आधी उठायचं, गच्चीत जायचं. हे पेल्यात पाणी घ्यायचे, त्यात बोळा पिळायचे, वर बशी झाकायची. मी पेला दोन्ही हातांत धरून ऊब द्यायची. मग बशी सरकवून एकदाच, लांब श्वास. दुसऱ्यांदा घेतला की नाक फसतं. मी सांगायची, ते वहीत इंग्रजीत लिहायचे.

ऐकायला मजेचं वाटतंय ना? पहिला महिना मलाही वाटलं. मग नियम आले. आदल्या रात्री घरात फोडणी नाही, कारण हिंगाचा वास कपड्यांत राहतो. कांदा-लसूण नाही. देवापुढे उदबत्ती नाही. केसांना वासाचं तेल नाही. गजरा नाही. दंतमंजनात लवंग असते, तर नुसत्या मिठाने दात. पावडर नाही. उकडलेल्या डाळीत मीठ घालून भाताबरोबर खायची, वर लिंबू. चार वर्षं. हळदीकुंकवाला फोर्ट विल्यमच्या क्वार्टर्समध्ये आपल्या बायका जमायच्या, मेजर-कॅप्टनच्या घरच्या, तिथे मला कोणी अत्तर लावायला आलं की मी हात मागे घ्यायची. पाठीमागे म्हणत असतील, काय बाई ही, सुतकात असल्यासारखी. मी जाणंच सोडलं. तुला सांगते, कंटाळा नव्हता तो. कंटाळ्याला निदान तक्रार करता येते. मी नुसती थकले होते, आणि कशाने थकले ते सांगायला माणूस नव्हतं. नाक ते काय, त्याला काय काम?

पहिल्यांदा ब्लॅककरंट आलं तेव्हा मी श्वास घेतला आणि पेला खाली ठेवला.

"काय?" हे म्हणाले.

"पिकलेली करवंदं. आंबट-गोड. आणि..."

"आणि?"

"बौदीचं मांजर."

मला वाटलं हसतील. ते एकदम पुढे सरकले. "किती?"

"किती म्हणजे?"

"मांजर किती आहे? कुठपर्यंत आलंय?"

मी डोळे मिटून विचार केला. "अंगणात आहे. घरात नाही आलं."

"मग कमी आहे. उद्या अजून थोडा वेळ ठेवतो."

दुसऱ्या दिवशी मांजर उंबऱ्यावर होतं. तिसऱ्या दिवशी पलंगाखाली, ते फार झालं म्हणून त्यांनी साधा स्पिरिट मिसळून परत उंबऱ्यावर आणलं. त्या वर्षीची जिन साहेबांना फार आवडली. तेव्हापासून ते आमचं मोजमाप ठरलं. अंगण, उंबरा, पलंगाखाली, अंथरुणात. उंबऱ्यावर असलं की बाटल्या भरायच्या. वहीत ते काय लिहायचे देव जाणे. एवढा मोठा कारखाना आणि त्याची सगळ्यात महागाची जिन बागबाजारच्या एका फाटक्या कानाच्या मांजरावर चालली होती.

आता जे सांगायचंय ते सांगते.

माझे दोन गेले होते. पहिला दुसऱ्या महिन्यात, दुसरा तिसरा लागता लागता. दोन्ही वेळा ह्यांना सांगितलं, आनंदाने त्यांनी लगेच पत्रं टाकली, आणि पत्राचं उत्तर यायच्या आत सगळं संपलेलं. आपल्यात सांगतात ना, तीन महिने पुरे होईतो बोलू नये. मी ते बाहेरच्यांपुरतं समजत होते. तिसऱ्या वेळी ठरवलं, नवऱ्यालासुद्धा नाही. वेडेपणा म्हण. पण दोनदा पोळलेली होते मी.

दिवस श्रावण संपतानाचे. ब्लॅककरंटची भट्टी लागलेली. मला दुसरा महिना, आणि कशाचाच वास सहन होत नव्हता. भाताची पेज उतू गेली तरी मी गच्चीत पळायची. खाली बौदीने मासे तळायला घेतले की मी पदर तोंडात कोंबून बसायची. अशात तो पेला समोर. दोन दिवस कसाबसा वास घेतला, अंगणात आहे म्हणून सांगितलं. तिसऱ्या पहाटे मी पेला धरला आणि मला कळलं, की आता श्वास घेतला तर इथेच ओकारी होणार आणि ह्यांना समजणार. मी बशी सरकवली. नाक पेल्याशी नेलं. श्वास धरून ठेवला. मनात पाच आकडे मोजले, आणि म्हटलं,

"उंबऱ्यावर."

"नक्की?"

"चार वर्षं विचारताय. उंबऱ्यावर म्हटलं ना."

ते म्हणाले, "बरं बाई," आणि वही मिटली.

त्याच आठवड्यात बौदी वर आली. हातात वाटी, तिच्यात बोराचं लोणचं. माझ्यासमोर ठेवलं.

"खा. तोंडाला चव येईल."

"मला काही झालं नाहीये."

"हो ना. बर्गी आमच्या माशांकडे बघत नाही ते नेहमीचंच. पण हल्ली भाताकडेही बघत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आमच्यातही तीन महिने सांगत नाहीत. मी दादांनासुद्धा सांगितलेलं नाही. तू खा."

मी ते लोणचं बोटांनी चाटून संपवलं. वासाचं लोणचं, चार वर्षांत पहिल्यांदा.

महिना-सवा महिना गेला. पूजा तोंडावर आली. आणि बाटल्या परत यायला लागल्या. आधी एक खोकं, मग दहा. क्लबातल्या बायकांनी पेले तोंडाशी नेऊन खाली ठेवले म्हणे. साहेबांनी ऑफिसात एक बाटली फोडायला लावली, सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. हे नुसते उभे. साहेबांनी मग आपलं आपणच कारण शोधलं, की कळ्या ओल्या झाल्या असणार. पावसाळ्यात कोठारात दमट हवा, कारकुनाने लक्ष दिलं नाही, माल कुजला. एक कागद तयार करवला. ह्यांनी सही करायची, की माल माझ्याकडे आला तेव्हाच ओला होता. म्हणजे दादा घरी, बावीस वर्षांनंतर, डाग घेऊन. विचार करायला एक रात्र दिली, तीही उपकार म्हणून.

हे संध्याकाळी आले ते गच्चीतच गेले. मी मागोमाग चढले.

"त्या दिवशी वास घेतला होतास ना नीट?"

मी दोरीवरचे कपडे काढायला लागले.

"रागावत नाहीये. नुसतं विचारतोय. घेतला होतास ना?"

"नाही."

"म्हणजे?"

"श्वास धरला होता. पेला नाकाशी नेला, पण घेतला नाही."

"का?"

"ओकारी झाली असती."

ते बघत राहिले. दोनदा बाप व्हायची तयारी केलेला माणूस, त्याला कळायला वेळ लागला नाही. "कितवा?"

"तिसरा संपायला आठ दिवस आहेत."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्हाला सांगितलं की जातं."

हे बोलायला नको होतं. अजूनही कधीतरी कपडे घड्या घालताना ते वाक्य आठवतं आणि हात थांबतो. त्यांनी कठड्यावर वाळत घातलेली चटई ओढली, जमिनीवर घातली आणि म्हणाले, "उभी राहू नकोस. बस."

मी बसले. आणि बसल्यावर मी काय म्हटलं ते ऐक, कारण त्याच्यासाठीच एवढं लिहिलं. मी म्हटलं, "सही करून टाका."

"काय?"

"दादांचे मुलगे मिळवते आहेत. ते सांभाळतील त्यांना. आपल्याला कोण आहे? करा सही."

वाटीभर लोणचं जिने आणून दिलं होतं, तिच्या नवऱ्याबद्दल बोलत होते मी. मला लाज वाटली नाही त्या क्षणी. दमलेल्या माणसाला लाज उशिरा वाटते.

ते कठड्याला टेकून बसले. मग म्हणाले, "कळ्यांच्या कपाटात दादा चुनकळीचं भांडं ठेवतात. दमट हवा ओढून घ्यायला. दर चार दिवसांनी चुना बदलतात. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं ते करायला. माल कोरडा होता गं. थैली मी जास्त वेळ ठेवली. मला कळलं नाही."

"मी सांगायला हवं होतं."

"ते आपल्या दोघांतलं. कागदावर दादांचं नाव आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली नाही. साहेबांना सांगितलं, की चार वर्षं झाली, मला वास येत नाही. साहेब हसले म्हणे. "मग चार वर्षं माल पास कोण करत होतं?" हे म्हणाले, "अंदाजाने करत होतो." माझं नाव घेतलं असतं तर कुप्यांचं सांगावं लागलं असतं, मग नुसती नोकरीच गेली नसती. साहेबांना ते खरं वाटेना. त्यांनी एक पेला करपलेल्या मळीचा आणि एक गुलाबपाण्याचा ठेवला आणि ह्यांचे डोळे बांधले. सगळ्या कचेरीसमोर. हे दोन्ही पेले हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "सांगता येत नाही."

काढून टाकलं नाही. बाटल्या धुवायच्या शेडवर देखरेखीला बसवलं. पगार निम्म्यावर आला, पाय दिवसभर ओल्यात. पुढची सगळी वर्षं तिथेच. ती ब्लॅककरंटची जिन मात्र कारखान्याने बंदच केली.

दादा कामावर राहिले. त्या संध्याकाळी बौदी वर आली आणि माझ्याशेजारी जमिनीवर बसली. मी रडायला लागले. मला तिला सांगायचं होतं, की मी सही करा म्हटलं होतं. तोंडातून फुटेना.

ती म्हणाली, "ठाकुरपोंना नाक नाही हे मला केव्हापासून ठाऊक होतं."

"कसं?"

"मी सुकी मासळी शिजवते तेव्हा गल्लीतली कुत्रीसुद्धा पलीकडच्या रस्त्याने जातात. आणि तुझा नवरा माझ्या दारात उभं राहून राजकारण बोलायचा, अर्धा अर्धा तास. आधी मला वाटायचं, केवढा सभ्य माणूस."

मी रडता रडता हसले. मग मी सांगितलं तिला, सहीचं. सगळं. तिच्या तोंडाला मी पहिल्यांदाच कुलूप बघितलं. उठली, पदर खोचला, जिन्याशी गेली. तिथून म्हणाली, "तुझ्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं." चार पायऱ्या उतरली आणि परत वर आली. "पण माझ्या नवऱ्याने सही केली असती. ते तुझं नशीब." त्यानंतर महिनाभर तिने मला बर्गी म्हटलं नाही. चांगलं नाव घेऊन हाक मारायची, आणि ते फार लागायचं मला.

तुझी आई चैत्रात झाली. बौदीनेच नाळेपासून सगळं बघितलं. त्या बाळंतपणाच्या गोष्टी तुझ्या आईला पाठ आहेत. हे पुढचं मात्र तिला माहीत नाही, कारण ते पहाटे घडायचं.

कुप्या बंद झाल्या होत्या, पण ह्यांची उठायची वेळ तीच राहिली. गच्चीत जायचे. मी बाळाला घेऊन कधी वर गेले, की विचारायचे, "काय वास येतोय?" कामापुरतं नव्हतं ते आता. त्यांना नुसतं ऐकायचं असायचं. मी सांगायची, गंगेवरून चिखलाचा येतोय. समोरच्यांनी कोळसा ओला आणलाय. बाळाच्या टाळूला तेल आणि आंबट दूध. ते डोळे मिटून ऐकायचे, जणू त्यांच्यापर्यंत पोचतंय.

असं वर्षभर चाललं असेल. मग एकदा, तुझ्या आईला रात्रभर ताप होता, माझे डोळे मिटत होते आणि त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आता नका विचारत जाऊ मला. माझं नाक दमलंय. मी दमलेय."

ते म्हणाले, "बरं." आणि पुन्हा कधी विचारलं नाही. त्यानंतर ते जाईपर्यंत तीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो. तीस वर्षांत एकदाही नाही. मला वाटायचं आपणहून सांगावं, आज अमुक वास येतोय हो. पण शेगडी, पोरी, शाळा, त्यांचे सुजलेले पाय. उद्या सांगू म्हणून राहून गेलं. मला काय माहीत होतं, की त्या माणसाकडे पहाटेचं तेवढंच उरलं होतं.

म्हणून ताटावरून उठले मी. तू बूच काढलंस आणि मला कळलं, की मांजर बरोबर उंबऱ्यावर आहे. ज्याने कोणी केली ती जिन, त्याला नाक आहे. आणि ते मला एकाच माणसाला सांगायचं होतं.

आता पाठ धरली. तुला एवढंच, की लवकर ये. पूजेची वाट बघत बसू नकोस, तेव्हा सगळेच येतात आणि बोलणं होत नाही. एकटी ये, दोन दिवसांसाठी का होईना. माझ्या खोलीत झोप. सकाळी तू उठशील तेव्हा मी जागीच असेन.